विरोध करणाऱ्यांशी कसं वागायचं? सोलापुरातल्या नवीन विश्वासणाऱ्यांसाठी स्टेप बाय स्टेप

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) नवीन येणारी पोरंपोरी पहिला प्रश्न काय विचारतात माहितीय का? बायबल कुठून वाचायला घेऊ हा प्रश्न फार नंतर येतो. आधी असतं की घरात कळलंय, दादा बोलत नाही, आता काय करू, किंवा शेजारचे काका रविवारी मुद्दाम गेटवर उभे राहून बडबडतात त्यांना काय उत्तर देऊ. मी स्वतः हिंदू घरातून प्रभूकडे आलोय, आमचं कुलदैवत तुळजापूरची भवानी, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला, त्यामुळं घर, गल्ली आणि कामाची जागा तिन्हीकडचं बोलणं ऐकून झालंय. तेव्हा मला कोणी एका जागी बसवून हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून लिहितोय. लांबलंय थोडं, पण सगळं वाचा.

लागणारं सामान

- बायबल, मोबाईलमधलं ॲप पण चालेल
- एक साधी वही
- आधार कार्डाची झेरॉक्स, जागा भाड्याची असेल तर भाडेकराराची कॉपी
- घरी प्रार्थना होत असेल तर घरमालकाचं संमतीचं पत्र, सोसायटी असेल तर सेक्रेटरीला दिलेल्या अर्जाची पोच
- पाळकांचा आणि ओळखीच्या एका वकिलाचा नंबर, मोबाईलमध्ये आणि कागदावर पण
- दोन शहाणी माणसं, त्यातलं एक तरी वयस्कर, ज्यांना विचारल्याशिवाय तुम्ही रागात काही करणार नाही

1. विरोध कुणाचा आणि कसला ते आधी लिहून काढा

वहीत नाव लिहा आणि समोर लिहा की हा माणूस नक्की काय म्हणाला. "सगळे माझ्या विरोधात आहेत" असं लिहू नका, ते खरं नसतं. आईचं रडणं, मित्राचं "काय बे, तू पण तिकडं गेलास का" हे चिडवणं, शेजाऱ्याची आवाजाची तक्रार, ऑफिसातल्या माणसाचा खराखुरा प्रश्न, आणि उपासना बंद पाडायला आलेला घोळका, ह्या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि पाचींना वेगळं उत्तर लागतं. नवीन माणूस काय करतो, पाचींना एकच शब्द लावतो, छळ. मग आईशी पण तो घोळक्याशी बोलल्यासारखं बोलतो आणि घर तुटतं.

नावासमोर अजून एक रकाना करा: ह्याला भीती कशाची वाटतीय? हा रकाना भरायला वेळ लागतो पण सगळ्यात जास्त उपयोग ह्याचाच होतो, पुढं सांगतो.

2. प्रभूने काय सांगितलं ते स्वतः वाचा, ऐकीव नको

मत्तय 5:44 सगळ्यांना पाठ असतं, वैऱ्यांवर प्रीती करा आणि छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. पण त्याच्या आजूबाजूचं पण वाचा.

लूक 9 मध्ये एका शोमरोनी गावानं येशूला उतरू दिलं नाही. त्याचे शिष्य याकोब आणि योहान म्हणाले प्रभू, आकाशातून अग्नी पडून ह्यांचा नाश व्हावा असं आम्ही म्हणू का. प्रभूने वळून त्या दोघांनाच धमकावलं, गावाला नाही, आणि ते दुसऱ्या गावाला निघून गेले. बास. शाप नाही, भाषण नाही. रोमकरांस 12 चा शेवट वाचा, तुझा वैरी भुकेला असला तर त्याला खायला घाल. हे पौलाने नीतिसूत्रे 25 मधून घेतलंय, म्हणजे जुन्या करारात फक्त बदला आहे असं जे बोललं जातं ते पण खरं नाही. निर्गम 23 मध्ये तर साफ आहे, वैऱ्याचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर त्याचं त्याला नेऊन दे. आणि 2 राजे 6 वाचा, पकडून आणलेलं शत्रूचं सैन्य अलीशा संदेष्ट्यानं जेवू घालून परत पाठवलं.

आता दुसरी बाजू, जी कोणी सांगत नाही. प्रमुख याजकासमोर शिपायानं चापट मारली तेव्हा येशू गप्प बसला नाही, मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, नाहीतर मला का मारतोस असं त्यानं विचारलं (योहान 18:23). पौलाने फिलिप्पैत स्वतःचं रोमी नागरिकत्व पुढं केलं आणि पुढं कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, अपील केलं. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा हे पण प्रभूचंच वाक्य आहे, मत्तय 10:23. म्हणजे प्रेम करा याचा अर्थ मार खात बसा, कोर्टात जाऊ नका असा कोणी लावत असेल तर त्याला ही वचनं दाखवा.

3. तक्रारीत खरं काय आहे ते आधी मान्य करा

1 पेत्र 4:15 मध्ये पेत्र म्हणतो की दुःख सोसायचं तर सोसा, पण चोर म्हणून किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून नको. मला हे वचन फार महत्त्वाचं वाटतं, कारण गल्लीतला निम्मा विरोध हा धर्माचा नसतोच.

आमच्या एका घरगुती संगतीचंच सांगतो. समोरचे काका दर शुक्रवारी आरडाओरडा करायचे, "तुमचं हे बंद करा, नाहीतर बघतो" वगैरे. सगळ्यांनी धरलं की काका कट्टर आहेत. एकदा एक ताई सरळ त्यांच्या घरी गेल्या आणि विचारलं, काका, त्रास नक्की कशाचा होतो? काका त्यांना हाताला धरून गेटपर्यंत घेऊन आले आणि दाखवलं, गेटला आडव्या लागलेल्या दुचाक्या, एकीचं हँडल गेटच्या जाळीत अडकलेलं. घरात काकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं असायचं, त्यातला एक दिवस शुक्रवार, आणि परत आल्यावर रिक्षा दारापर्यंत येत नव्हती, काकू कोपऱ्यापासून चालत यायच्या. पुढच्या शुक्रवारपासून सगळ्या गाड्या मैदानाच्या कडेला, आणि एक पोरगा गेटपाशी उभा. काका आजही चर्चला येत नाहीत, येशूचं नाव काढलं की विषय बदलतात, पण ओरडणं त्या दिवशी थांबलं.

म्हणून ह्या गोष्टी आधी तपासा:

- आवाज. रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर लावायचा नाही हा नियम सगळ्यांना आहे, आपल्याला पण. दिवसा रहिवासी भागात मर्यादा 55 डेसिबल आहे, ती दहा बाय बाराच्या खोलीत स्पीकर लावला की सहज ओलांडते. वीस माणसांना स्पीकर लागतोच कशाला?
- पार्किंग, चपला, जिन्यातली गर्दी.
- बोलणं. दुसऱ्याच्या देवाबद्दल, मूर्तीबद्दल, सणाबद्दल एक वाकडा शब्द नको, साक्ष देताना पण नको. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा रस्त्यात उभं राहून पत्रकं वाटणं हा काही धाडसीपणा नाही. श्रद्धेनं चाललेल्या माणसाला मध्येच अडवणं आहे ते.
- मदत आणि प्रार्थना यांची सरमिसळ. रेशन द्यायचं तर द्या, फी भरायची तर भरा, पण "रविवारी या मग देतो" हे कधीच नको. आजारी माणसाला गोळ्या बंद करायला सांगू नका. अल्पवयीन मुलाला आईवडलांना न विचारता संगतीत बसवू नका.

शेवटच्या मुद्द्याला कायद्याची पण बाजू आहे. घटनेच्या कलम 25 ने धर्म मानायचा, आचरायचा आणि प्रसार करायचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. पण 1977 साली स्टॅनिस्लॉस प्रकरणात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करून घ्यायचा हक्क येत नाही. सांगणं आपलं काम, निर्णय त्याचा. तसं पाहिलं तर बायबल पण हेच सांगतं.

4. नाव घेऊन प्रार्थना करा, आणि ती प्रार्थना तपासा

वहीतलं एक एक नाव घेऊन रोज. "प्रभू, त्याला सुबुद्धी दे" ही प्रार्थना नाही, ती तक्रार आहे. त्याच्या पोरीची दहावी, त्याच्या यंत्रमागाला मिळणारं काम, त्याच्या बापाचा गुडघा, ह्यासाठी मागा. आणि हे मागायचं तर ते आधी माहीत पाहिजे, म्हणजे त्या माणसाकडे नीट बघावं लागतं, त्याचं बोलणं ऐकावं लागतं. महिनाभर असं केलं की राग धरून ठेवणं अवघड होतं, करून बघा.

स्तेफनाला दगडमार होत होता तेव्हा त्यानं मारणाऱ्यांसाठी प्रार्थना केली, आणि मारणाऱ्यांची वस्त्रं सांभाळत उभा होता शौल, जो पुढं पौल झाला. प्रेषितांची कृत्ये 7 आणि 9 लागोपाठ वाचा. दिमिष्कात हनन्या नावाचा शिष्य त्या शौलाला भेटायला जातो तेव्हा तो आधी घाबरलेला आहे, देवाला सांगतो की ह्या माणसाबद्दल मी काय काय ऐकलंय, आणि तरी गेल्यावर पहिला शब्द काय तोंडातून निघतो तर "शौल भाऊ". घाबरत का होईना, पण जा.

5. घरातला विरोध (इथं घाई नको)

सगळ्यात जास्त लिहायचंय ते ह्यावर. घरची माणसं विरोधक नसतात, घाबरलेली असतात. माझी आई कित्येक दिवस धड बोलली नाही. आम्हाला वाटायचं तिला देवीचा कोप होईल अशी भीती आहे. एक दिवस चटणीसाठी शेंगा कुटत होती, बत्ता तसाच हातात धरून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी मेले की मला खांदा कोण देणार? तू तर लांब उभा राहशील." तेव्हा कळलं. मी म्हणलं आई, पहिला खांदा माझा, स्मशानात शेवटपर्यंत मी, दहा दिवस दादासोबत घरात मी. जे विधी मला मनापासून करता येणार नाहीत ते दादा करेल, मी त्याच्या शेजारी उभा असेन. ती काही बोलली नाही, पण रात्री ताटात भाकरी वाढताना विचारलं, अजून एक देऊ का.

तुमच्या घरातली भीती वेगळी असेल. बहिणीचं लग्न जमायचंय, लोक काय म्हणतील. वडलांना वाटतं पोरगा आडनाव बदलणार. वहिनीला वाटतं सणाला आता हा येणार नाही. काही घरात जातीच्या दाखल्याची भीती असते, आणि ती खोटी नाही, 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. त्यावर "काही होत नाही" असं सांगून वेळ मारून नेऊ नका, कागदावर खोटं तर अजिबात लिहू नका. वकिलाकडे बसा, घरच्यांना सोबत घेऊन बसा.

काय करायचं:

- देवघरातला फोटो काढा, मूर्ती हलवा असं घरात कधीच म्हणू नका. ते घर तुमच्या एकट्याचं नाही.
- लग्न, बारसं, मयत, काही चुकवू नका. पंगतीत वाढायला उभे राहा, मांडवातल्या खुर्च्या उचला.
- प्रसादाचा प्रश्न येतोच. 1 करिंथकर 8 आणि 10 वाचा, पाळकांशी बोला, तुमचा विवेक काय म्हणतो ते ठरवा. घ्यायचा नसेल तर हात जोडून, हळू आवाजात, आईला बाजूला घेऊन सांगा. चारचौघात ताट सरकवू नका.
- पगारातला घरचा वाटा एक रुपयानं पण कमी करू नका. अर्पण तुमच्या खर्चातून जाऊ दे, आईच्या औषधातून नको.
- "तुम्ही सगळे नरकात जाणार" हे वाक्य तोंडातून काढू नका. माझ्या बघण्यात ह्या एका वाक्यानं जेवढी घरं मोडली तेवढी कशानं नाही.

टिळकांचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं, काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढं त्या नगरला परत आल्या त्या स्वतःचं सोवळं, स्वतःचा स्वयंपाक वेगळा ठेवूनच. तसं राहू दिलं गेलं त्यांना. 1900 साली त्यांनी स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. तुमच्या घरात पण असंच होईल असं मी सांगत नाहीये, कदाचित कोणीच येणार नाही. तरी वागणं हेच ठेवायचं.

6. व्हॉट्सॲप

उत्तर देऊ नका. शाळेच्या ग्रुपवर कोणी ख्रिश्चनांवर काहीबाही फॉरवर्ड केलं तर ग्रुपमध्ये वाद घालून आजवर कोणाचं मन बदललं नाही. तो माणूस ओळखीचा असेल तर पर्सनल फोन लावा, सात रस्त्याला चहाला बोलवा. अनोळखी असेल तर सोडून द्या. आणि आपल्याकडून पण "हिंदू असे, मुसलमान तसे" छाप मेसेज पुढं जाता कामा नये.

7. प्रश्न विचारणाऱ्याला विरोधक समजू नका

कारखान्यात एक जण रोज डब्याच्या वेळेला मला धरायचा. तीन देव कसे, देवाला पोरगा कसा, परदेशातून पैसे येतात ना? ह्या माणसाला खरंच जाणून घ्यायचं होतं. 1 पेत्र 3:15 सांगतं की आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं. येत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणा आणि खरंच विचारून सांगा. पैशाबद्दल विचारलं तर चिडू नका, मंडळीचा हिशोब कसा ठेवतात ते सांगा. जो हिशोब लपवावा लागतो तो मुळातच दुरुस्त करायला पाहिजे.

8. धमकी, मारहाण, घोळका

इथं वेगळं वागायचं. प्रेम तेच, पद्धत वेगळी.

1. आधी बायका, मुलं, म्हातारी माणसं आतल्या खोलीत किंवा मागच्या दारानं बाहेर. उपासना थांबवायला लाज वाटू नये.
2. 112 ला फोन. कोण बोलणार ते आधीच ठरलेलं असावं, नाहीतर दहा जण दहा फोन लावतात आणि पत्ता कोणीच नीट सांगत नाही.
3. समोरच्याशी एकच माणूस बोलेल, वयस्कर, हात खाली ठेवून. शिवीला शिवी नाही, धक्क्याला धक्का नाही.
4. एक जण लांबून शांतपणे व्हिडिओ घेईल. तो व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही, रील करायची नाही. मूळ फाईल जपून ठेवा, पुरावा म्हणून तीच लागते. चेहरे व्हायरल झाले की समोरची पोरं मागं हटत नाहीत, त्यांच्या इज्जतीचा प्रश्न होतो.
5. त्याच दिवशी तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या कॉपीवर सही-शिक्का घेऊन पोच घ्या. हद्द माहीत नसेल तरी जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर होतो. धार्मिक सभेत जाणूनबुजून व्यत्यय आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 300 खाली गुन्हा आहे. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या.
6. दाद लागली नाही तर शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, टोल फ्री नंबर 15100.

अर्जात घडलं तेवढंच लिहा. वेळ, जागा, कोण काय म्हणालं. चार जण आले होते तर चार लिहा, चाळीस नको. समोरच्यावर खोटं कलम लागावं म्हणून एक ओळ जरी वाढवली तरी मत्तय 5:44 वाचायचा आपला हक्क गेला.

तक्रार केली म्हणजे माफ केलं नाही का, असं बरेच जण विचारतात. 1999 च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमोथी, गाडीत झोपलेली असताना जाळून मारली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारणाऱ्यांना माफ केल्याचं जाहीर सांगितलं, त्यानंतरही काही वर्षं त्या बारीपद्यात कुष्ठरोग्यांमध्ये काम करत राहिल्या. खटला मात्र चालला, शिक्षा झाली, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. माफी त्यांच्या हातात होती, न्याय कोर्टाच्या हातात होता. आपल्या वाट्याला त्याचा शंभरावा हिस्सा पण येत नाही, पण पद्धत हीच.

9. आपल्याच माणसांना आवरा

अशा घटनेनंतरच्या रविवारी मंडळीत काय बोललं जातं ते फार महत्त्वाचं. कोणीतरी उठून त्या पोरांना "सैतानाची माणसं" म्हणतं, कोणीतरी म्हणतं देव बघून घेईल त्यांना. तिथंच थांबवा, प्रेमानं. इफिसकर 6:12 म्हणतं आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. त्या घोळक्यातला एखादा पोरगा तुमच्याच गल्लीतला असतो, त्याची आई विड्या वळून घर चालवते. कोणाचं अपघातात काही वाईट झालं तर "बघा, देवाच्या सेवकाला हात लावला" असली साक्ष देऊ देऊ नका. ती साक्ष नव्हे, आनंद आहे तो, दुसऱ्याच्या दुःखाचा.

10. मुलांसाठी वेगळं

मुलांना शाळेत चिडवलं जातं, डब्यावरून, नावावरून, नाताळवरून. त्यांना दुसरा गाल पुढं कर एवढंच सांगून सोडू नका. रोज विचारा काय झालं. पहिल्यांदा क्लासटीचरला भेटा, आवाज न चढवता, मग लागलं तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. चिडवणाऱ्या पोराच्या घरी शक्य असेल तर स्वतः जा, मुलाला घेऊन, नाताळ असेल तर करंज्यांचा डबा घेऊन. आणि त्या घरातून दिवाळीला चकल्या आल्या तर त्या मुलांसमोर आवडीनं खा, डबा रिकामा परत पाठवू नका.